चादरीचं दुसरं टोक

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

हे काम फोनवर होण्यातलं नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हुं हुं करतो. शिवाय मागे तुझ्या लाँड्रीतलं मशीन असं गरगरत असतं की माझं निम्मं वाक्य त्यातच धुऊन निघतं. म्हणून पत्र.

घराचा रंग वाळून केव्हाच झाला. त्या वासाने आत्याला ठसका लागेल म्हणून चार दिवस तिला तुझ्याकडे ठेव, असं मी म्हटलं होतं. चार दिवस म्हणजे चार दिवस, खारू. हिवाळा सरत आला.

इथे तिची खोली तयार आहे. पूर्वेच्या खिडकीशी आरामखुर्ची मांडली आहे. तिच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तर निदान पहिला उजेड तरी तिचा असावा. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला लाकडी दांडा बसवून घेतला आहे. रेडिओ हलवला. घड्याळाची टिकटिक तिच्या कानाला लागेल म्हणून तेही बाहेरच्या खोलीत नेलं. घर अगदी गाभाऱ्यासारखं शांत झालं आहे. सकाळी मी तिच्याजवळ बसून कविता वाचायचो, ती मान मागे टेकून ऐकायची. छापखान्यात जन्मभर लोकांच्या चुका तपासल्या. म्हातारपणी असं काही निर्मळ हाताला लागलं होतं.

आई गेल्यावर तिने आपल्या दोघांना वाढवलं, तेव्हा तिच्यावर तुझाही हक्क आहे, हे मला मान्य. पण मी थोरला. माझा हक्क तुझ्यापेक्षा जुना. कधी पाठवतेस ते कळव.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो आत्याबरोबर परत पाठव.

तुझा,
दादा

---

१३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. दांड्याचं ऐकून ती म्हणाली, पोपट गुणाचा आहे. तू अजून तिचा पोपटच. घड्याळाचं ऐकून म्हणाली, मग किती वाजले ते कळायचं कसं? परत कधी जायचं ते विचारलं, तर चिमट्यांची टोपली कुठे ठेवलीस म्हणून मलाच विचारलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा टोपली. तूच समज.

आता रागावणार नसलास तर एक सांगते. आमच्या ह्यांची कंबर धरली आहे. दुकानात इस्त्रीला बाई आहे, पण हॉस्पिटलच्या चादरींची घडी घालायला माणसं दोन लागतात. मी एक टोक धरून अहो, अहो, म्हणून हाका मारत होते आणि हे आतून कण्हत होते. तेवढ्यात आत्या भिंत चाचपत आली आणि दुसरं टोक हातात घेऊन उभी राहिली. मी नको नको म्हणेपर्यंत तिने चादर अशी ताणली की मीच पुढे ओढले गेले. तेव्हापासून रोज दुपारी ती आणि मी. लांब जायचं, ताणायची, झटकायची, जवळ यायचं, तिच्या हातातली टोकं माझ्या हातात, पुन्हा लांब. तिला दिसत नाही, पण तिचं टोक माझ्यापेक्षा सरळ असतं.

आणि एक गंमत. घडी पुरी झाली की ती तळहात पसरून चादरीवरून एकदा फिरवते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. आधी वाटलं जप असेल. विचारलं तर म्हणाली, काम कर. त्या वेळी तिचा चेहरा तू पाहायला हवास रे. तुझ्या छापखान्यात नव्या पुस्तकाचं पहिलं पान निघालं की तुझा व्हायचा, तसा.

इकडे वाफेने भिंतींना पोपडे आलेत, मशीन गरगरतंय, गिऱ्हाईक ओरडतंय. गाभारा वगैरे काही नाही. तरी ती रमली आहे, त्याला मी काय करू?

तब्येत सांभाळ. राग आला तर पत्रात घाल, पोटात नको. लोभ धर.

तुझी,
खार

---

१७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

धन्य तुझी! डोळ्यांनी अधू, वयाने वाकलेली बाई, आणि तिला लाँड्रीत जुंपलीस? मेहुण्यांची कंबर धरली तर दुसरं कोणी माणूस मिळालं नाही? मी इथे तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. माझ्याकडे ती खुर्चीतून उठली की मी उठतो.

रमली आहे म्हणे. माझ्याकडे काय रडत होती?

खरं सांगतो, तुझं पत्र आल्यापासून माझं कशात मन नाही. कवितांचं पुस्तक उघडतो आणि डोळ्यांसमोर तुझं ते पोपडे आलेलं दुकान येतं. मी तिच्यासाठी रोज नवी कविता निवडायचो. कोणती कोवळ्या उन्हात वाचायची, कोणती ढग आल्यावर, याचासुद्धा विचार करायचो. पण माझ्या कवितांवर ती कधी पुटपुटली नाही. दोनदा तर चक्क घोरली. आणि परक्या माणसांच्या चादरींवर तिचा चेहरा उजळतो?

तुला आठवतं का, शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून ती माझ्याकडून पाऊलवाटेची कविता चालीवर म्हणून घ्यायची? वाट चालते, वाट थांबते, वाट उन्हाला बसते. मी ‘बसते’वर हेल काढला की ती मांडीवर थाप मारायची आणि म्हणायची, माझा पोपट. दौतीतल्या शाईचा वास, खडूच्या धुळीत तिरपं आलेलं ऊन आणि गुरुजींच्या आधी तिने शिकवलेली चाल. माझ्या आयुष्यात पवित्र म्हणावं असं जे काही आहे, ते सगळं त्या ओट्यावर आहे. तू तेव्हाही मध्येच येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायचीस. मांडी तिची दोघांना पुरायची, हे कबूल. पण कविता माझी चालू असायची.

मी येत्या रविवारी सकाळच्या बसने येतो आणि तिला घेऊन जातो. तिची पिशवी भरून ठेव. आणि ती काय पुटपुटते ते शोधून काढ. एवढं तरी कर.

लोभ सध्या किंचित आंबट आहे, पण आहे.

तुझा,
दादा

---

२७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

आत्या मजेत आहे. बसमध्ये खिडकीशी बसली आणि सबंध वाट वाऱ्याकडे तोंड करून होती. निघताना तू चेहरा पाडलास तो मी पाहिला. पाहून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. थोरल्याने इतकं मोकळं असावं.

आता तुझ्या चादरींची मिजास पुरे. माझ्याकडेही चादरी आहेत म्हटलं! तुझ्या वहिनीच्या पेटीतल्या मोठ्या, दुहेरी पलंगाच्या. काल दुपारी त्या बाहेर काढल्या, घड्या मोडल्या, गच्चीवर दोरीवर घातल्या आणि तासाभराने काढून आणल्या. आत्याला म्हटलं, चादरी वाळल्या, घडी घालायची आहे, जरा हात लाव. कशी पटकन उठली म्हणून सांगू! दांड्याला हातसुद्धा लावला नाही.

मी एक टोक धरलं, तिने दुसरं. मला काही ते नीट जमेना. ती लांब गेली की मी जवळ जायचो. तिने हसून मला दोनदा वेंधळा म्हटलं. मग घडी झाली. आता ती पुटपुटणार म्हणून मी कान देऊन उभा. तिने तळहात पसरला, चादरीवर ठेवला, आणि तिथेच थांबली. चादर नाकाशी नेली. पुन्हा खाली ठेवली. काही बोलली नाही. दुसरी चादर घेऊया म्हटलं, तर म्हणाली, पाय दुखतात.

आज सकाळी मी तिची आवडती कविता काढली, तर म्हणाली, आज राहू दे पोपटा, आणि तिची पिशवी मागितली. शेजारचे गृहस्थ शनिवारी तुमच्या गावी यायला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर जाते म्हणते.

मी काय केलं, खारू? घर तेच, चादरी तुझ्याहून चांगल्या, मीही तोच. तुझ्या त्या दुकानात असं काय आहे? देव काय वाफेत बसतो?

तिच्याबरोबरच हे पत्र देतो आहे. आशीर्वाद आहेतच. लोभाचं तू बघ.

दादा

---

५ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आत्या सुखरूप पोचली. शेजाऱ्यांना चहा देऊन पाठवलं.

दादा, शहाण्या माणसा, त्या चादरींना डांबरगोळ्यांचा वास येत होता! तास सोड, दिवसभर वाऱ्यावर घातल्यास तरी जायचा नाही. आत्या आल्या आल्या हसली आणि मग पदराने डोळे पुसले. म्हणाली, त्या चादरीवर कोणी झोपलेलंच नव्हतं गं, मग हात कोणासाठी फिरवू? लहान मुलाला गप्प बसवायला रिकामी वाटी आणि चमचा देतात, तशी पोपटाने मला चादर दिली, म्हणाली. तू तिला बसवून ठेवलीस ते तिला चाललं; खोटं काम दिलंस ते लागलं.

ती काय पुटपुटते ते शोध म्हणाला होतास. काल मी घडी घालताना मुद्दाम पुढे झुकले. काही मंत्रबिंत्र नाही. तळहात फिरवते आणि म्हणते, बरा हो रे बाबा. पुढच्या चादरीवर, बरी हो गं. बस, एवढंच. म्हणाली, परवा ह्या चादरीवर कोण झोपलं असेल ते ठाऊक नाही आणि उद्या कोण झोपणार तेही नाही. पण कोणीतरी नक्की झोपणार, आणि ते माणूस दुखण्यातलं असणार. म्हणून म्हणते. मी इतकी वर्षं ह्या चादरी मोजून पाठवते आहे, पण त्यांच्यावर माणूस झोपतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मीसुद्धा मनातल्या मनात म्हणते. कोणाला सांगू नकोस, ह्यांना तर मुळीच नको.

आणि जळतोस कशाला? जळायचं तर मी जळावं. ओट्यावर तुला तिने कविता शिकवल्या. मी डोकं ठेवायला आले की मला उठवून दोरीवरचे कपडे काढायला लावायची. तुला चाल, मला चादर. आणि ऐक, माझ्या दुकानात माझ्यासमोर उभी राहून ती घडी कशावर घालते? तुझ्या पाऊलवाटेवर. ‘वाट चालते’ला लांब जाते, ‘वाट थांबते’ला ताणते, ‘उन्हाला बसते’ला चादर खाली. आधीच्या पत्रात हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. दुकान माझं, चादर माझी, घाम माझा, आणि तोंडात पोपट!

तिला विचारलं, दादाकडे काय कमी आहे? म्हणाली, काहीच कमी नाही गं, तेच तर. त्याला मी हवी आहे, पण माझी गरज कुठे आहे? कपसुद्धा धुऊन पालथा घातलेला असतो. त्या घरात कोणी राहतं की नाही, हे हाताला कळत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. आणि वाटलंच तर लिही. लोभाचं मी काय बघू? तो तुझ्याच घरचा आहे.

तुझी,
खार

---

१६ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावलो, मग आत्यावर, मग डांबरगोळ्यांवर. आता कोणी उरलं नाही.

तुला माहीत नाही ते सांगतो. तुझी वहिनी गेल्यापासून मी मोठ्या पलंगावर झोपलेलो नाही. बाहेरच्या खोलीत अरुंद खाट आहे, तिच्यावर एक छोटी चादर. ती एकट्याला झटकता येते, एकट्याला घडी घालता येते. त्या मोठ्या चादरींची शेवटची घडी आम्ही दोघांनी घातली होती, आजारपणाच्या आधी, याच गच्चीवर. मी तेव्हाही पुढे जायच्या वेळी मागे जायचो आणि ती अशीच हसायची. पेटीत त्या घड्या तशाच होत्या. तुझ्यावरच्या चडफडीत मी त्या मोडल्या, आणि मोडताना माझ्या ध्यानातही आलं नाही. आत्या गेल्यावर पलंगावर तो पसारा पडलेला पाहिला तेव्हा आलं. पुन्हा तशी घडी घालायला गेलो. हनुवटीखाली धरून पाहिली, दाराच्या कडीला बांधून पाहिली. एकट्याला ती चादर आवरत नाही गं. शेवटी तशीच पलंगावर अंथरली आणि तिच्यावर आडवा झालो.

पहिल्या दिवशी काठावर झोपलो. मग हळूहळू मध्यापर्यंत आलो. अंथरुणात बसून पुस्तक वाचलं, चहा सांडला. घड्याळ आत आणलं. एका सकाळी तिथेच पडल्या पडल्या पाऊलवाटेची कविता चालीवर म्हटली, मोठ्याने. शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केलं. लहानपणी मला वाटायचं, ती वाट उन्हाला बसते म्हणजे दमून बसते. आता वाटतं, कोणाची तरी वाट बघत बसत असेल.

काल ती चादर मी धुतली. म्हातारा माणूस आणि ओली दुहेरी चादर, ही झटापट पाहायला तू हवी होतीस. गच्चीपर्यंत जिना पुसत गेलो. आता वाळली आहे. चहाचा डाग पुरता गेलेला नाही. तू म्हणशील काय वापरलंस. जे होतं ते वापरलं.

आत्याला एवढंच सांग. इथे कायमची राहायला ये असं मी म्हणत नाही. ते तिने ठरवावं, आणि ती जे ठरवील त्यावर मी रुसणार नाही; रुसलो तर तुला कळू देणार नाही. पण चादर खरोखर मळली होती, खरोखर धुतली आहे, आणि मला दुसरं टोक धरायला माणूस हवं आहे.

लोभ असेल तर आत्ता दाखव.

तुझा,
दादा

---

२२ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून होण्याआधीच आत्याने चपला पायात घातल्या होत्या. चहाचा डाग राहिला, हे ऐकून तर तिला इतका आनंद झाला की विचारू नकोस. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती तुझ्याकडे रुळलीसुद्धा असेल. तीन दिवसांपूर्वी तिला ह्यांच्याबरोबर पाठवलं, ह्यांची कंबर आता बरी आहे, पण चादरीचं टोक हातात दिलं की पुन्हा दुखते.

जाताना तिने पिशवीत उन्हाळ्याचे कपडेही भरले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर चिमट्यांची टोपली मागितली असती.

इथे आता दुपार झाली की मी टोक धरून उभी असते. इस्त्रीवाली बाई येते मदतीला. चांगली आहे, पण चादर ओढते जशी काही भांडण आहे. बरा हो म्हणायचं तर मी एकटीच म्हणते, आणि पाऊलवाटेची चाल मला नीट येत नाही. कारण मला कोणी शिकवली नाही! मी तुझ्यावर रागावले आहे, दादा. इतकी, की परवा एका चादरीवर हात फिरवताना चुकून तुझंच नाव आलं तोंडात.

एक मागते. तुझ्या चादरीवर हात फिरवून ती काय म्हणाली, ते मला लिही. मी माझ्याकडचं तुला सांगितलं होतं.

लोभाची घडी घालून ठेवली आहे. येशील तेव्हा उलगडू.

तुझी,
खार

---

३१ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

आत्या आली. पायऱ्या चढून थेट गच्चीवर. मेहुण्यांनी पाणी मागितलं ते आम्ही दोघंही विसरलो. त्यांची माझ्या वतीने माफी माग.

चादर काढली. मी एक टोक धरलं, तिने दुसरं. तिने चाल धरली, मी शब्द. वाट चालते, आणि आम्ही लांब गेलो. वाट थांबते, ताणली. जवळ यायच्या वेळी मी या खेपेस मागे गेलो नाही. तिचे हात माझ्या हातांत आले तेव्हा कळलं, ते किती खरखरीत झाले आहेत. मी तिला इतके दिवस पेला उचलू देत नव्हतो, आणि ते हात एकदाही हातात घेतले नव्हते.

मग तिने चादर मांडीवर घेतली आणि तळहात फिरवला. डागापाशी बोट थांबलं. चहा का, म्हणून तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग ती पुटपुटली.

काय, ते मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि तुला सांगणार नाही. तुझ्याकडे दवाखानाभर माणसांच्या चादरी आहेत. माझी एकच आहे, आणि तिच्यावर जे म्हटलं ते माझं. जळ हवं तेवढं.

आत्या मुक्कामाला आहे. उन्हाळा इथे काढते म्हणते, पुढचं पुढे. दुसऱ्याच दिवशी मला तिने कप विसळताना पकडलं आणि बाजूला सारलं. आता सकाळी कप ती धुते, मी पुसतो, एक फुटला. कविता अजून वाचतो, पण ती शेंगा सोलत असताना. आणि परवा एका ओळीवर ती चुकलास म्हणाली. चुकलो होतो.

रविवारी ये. दुसरी चादर अंथरली आहे, ती मळते आहे. चाल शिकवतो तुला. ओटा नाही, पण गच्ची आहे, आणि आत्याची मांडी अजून दोघांना पुरेल. मी थोडा सरकेन.

लोभ असू दे, आणि येताना डाग काढायचं ते काय असतं ते घेऊन ये.

तुझा,
दादा